आनंद ही मजुरी नव्हे

कापूस घरात आला की आमच्याकडे, यवतमाळ-वाशीमच्या पट्ट्यात, मंडपांचे दिवस सुरू होतात. कुठे भागवत सप्ताह, कुठे शंकरपट, कुठे कव्वाली, आणि अलीकडे तालुक्याच्या गावी चंगाई सभा, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून भरणारी ख्रिस्ती प्रार्थनासभा. सभेच्या फलकावर हसरे चेहरे असतात आणि जीवनात आनंद मिळेल अशा अर्थाची एखादी ओळ. सभा उठते, पण पुढचे आठ दिवस टपरीवर आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर तोच वाद चालतो. एकजण म्हणतो, हे आमिष आहे, गरिबाला धर्म सोडायला लावायची युक्ती आहे. दुसरा उसळून विचारतो, मग अमक्याची दारू कशी सुटली, तमकीचे दुखणे कसे गेले? चार बुके शिकलेला तिसरा हसून म्हणतो, ही अफू आहे; कापसाला भाव नाही तर माणसे टाळ्या वाजवून वेळ काढतात. आणि खुद्द चर्चमधली तरुण पोरे म्हणतात, आमच्या रविवारच्या उपासनेत तर आनंदही नाही आणि अफूही नाही, नुसती झोप येते. निदान ड्रम आणि कीबोर्ड तरी आणा.

हे चौघे एकमेकांवर ओरडत असले तरी एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे: आनंद म्हणजे कशाच्या तरी बदल्यात हाती पडणारी वस्तू. धर्म बदलला म्हणून, विश्वास ठेवला म्हणून, दुःख विसरायचे कबूल केले म्हणून, किंवा गाण्याचा ठेका चांगला आहे म्हणून. वादाची सगळी गफलत इथे आहे असे मला वाटते. ख्रिस्ती श्रद्धा रोजच्या जगण्यात जो आनंद मागते तो पीक यायच्या आधीचा आहे, दुखणे बरे व्हायच्या आधीचा आहे, आणि तो एकट्याने भोगायची परवानगी त्या श्रद्धेच्या शास्त्रात नाही. ही दुसरी अट गाळली की टीकाकारांचे सगळे आरोप खरे ठरू लागतात.

आधी आमिषाचे बघू, कारण गावात ते सर्वांत जोरात बोलले जाते. त्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणणारा ख्रिस्ती माणूस इतिहासाकडे पाठ फिरवून बसलेला आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड उपाशी मरत होता. पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो मुली व विधवा सोबत नेल्या. ठिकठिकाणच्या मिशनांनी अनाथालये उघडली, आणि आजही कितीतरी ख्रिस्ती घराण्यांची वंशावळ मागे मागे जात अनाथालयाच्या फाटकाशी थांबते. पोटात अन्न नसलेल्या पोराने ताटासोबत धर्मही घेतला, त्यात त्याची निवड किती होती? हा प्रश्न रास्त आहे. १९५४ साली मध्य प्रदेश सरकारने निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली तेव्हा विदर्भ त्याच प्रांतात होता, राजधानी नागपूरच होती. १९५६ च्या अहवालात समितीने हाच ठपका ठेवला: शाळा, दवाखाने, अनाथालये, कर्जाऊ पैसे हे सारे धर्मांतराचे मार्ग आहेत.

पण मग आमिषाचा हिशेब पुरता मांडा. वाशीमचा मिशन दवाखाना, परतवाड्याजवळचे कोठाऱ्याचे कुष्ठरोग रुग्णालय, नागपूर-अमरावतीच्या शाळा, यांच्या दारातून कित्येक पिढ्या गेल्या. २०११ च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती एक टक्काही भरले नाहीत, आणि त्यातले बहुतेक मुंबई-वसई-पुण्याकडचे. शतक-दीड शतक गळ टाकून बसलेला कोळी इतक्या मासळीवर घर चालवेल का? शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला, १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले; ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणजे यवतमाळच्या एखाद्या खेड्यातले दलित कुटुंब उघडपणे ख्रिस्ती झाले तर पोराची शिष्यवृत्ती जाते, राखीव जागा जाते, सरपंचपदाचे आरक्षण जाते. म्हणून तर पुष्कळ जण कागदावर एक आणि घरात एक असे जगतात. ते योग्य की अयोग्य, हा वेगळा लेख होईल. मुद्दा एवढाच की ज्यात पदरचे जाते त्याला आमिष म्हणणे जरा कठीण आहे. नियोगींचा अहवाल आला त्याच वर्षी, त्याच नागपुरात, १४ ऑक्टोबरला लाखो माणसांनी डॉ. आंबेडकरांसोबत बौद्ध धम्म घेतला. त्यांना कोणी काय दिले होते? त्या दिवसाचा आनंद ज्यांनी पाहिला त्यांच्या घरात आजही त्याची गोष्ट सांगतात, आणि त्या गोष्टीत तांदळाचे पोते कुठेच नसते. आनंदामागे लाच शोधणाऱ्याला गरीब माणूस स्वतःच्या मनाने काही ठरवू शकतो हेच मुळी पटलेले नसते.

आता सभेतल्या साक्षींकडे वळू. दारू सुटल्याची साक्ष मी हसण्यावारी नेणार नाही. वर्धा जिल्हा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून कागदोपत्री कोरडा आहे. चंद्रपूरची २०१५ ची दारूबंदी २०२१ मध्ये उठलीसुद्धा. सरकारला जे धड जमले नाही ते एखाद्या प्रार्थनासभेमुळे एका घरात जमले, आठवड्याची मजुरी पूर्ण घरात आली, तर त्या घरच्या बाईचा आनंद खराच आहे. माझी तक्रार साक्षीच्या मांडणीवर आहे. ज्याचा मुलगा बरा झाला त्याच्या हाती माईक जातो. ज्याचा गेला तो मागच्या सतरंजीवर बसलेला असतो, आणि आपल्याच विश्वासात काही कमी पडले असे मनात घेऊन घरी जातो. औषध थांबवा, प्रार्थना पुरे, असे कोणी सांगत असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यालाही विचारेल आणि विचारायलाच हवा. पण कायद्याच्याही आधी त्या वक्त्याला त्याच्या हातातल्या शास्त्राने अडवायला हवे होते.

त्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, हबक्कूक नावाच्या संदेष्ट्याचे तीन अध्यायांचे चिमुकले पुस्तक आहे. शेवटी तो म्हणतो की अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, जैतुनाची मेहनत वाया गेली, शेतात दाणा नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. अंजिराच्या जागी तूर घाला आणि जैतुनाच्या जागी पऱ्हाटी, की ही ओळ आमच्या धुऱ्यावर उभी राहते. बोंडअळीने पोखरलेली बोंडे हातात घेऊन उभा असलेला कास्तकार ही ओळ म्हणू शकतो का? मला ठाऊक आहे की हिचा फार वाईट उपयोग होतो. कर्जात बुडालेल्या माणसाला ही ओळ ऐकवून गप्प बसवता येते. पण ऐकवणारे तिसऱ्या अध्यायापासून सुरुवात करतात. पहिल्या दोन अध्यायांत भांडण आहे, आणि ते थेट देवाशी: किती काळ मी ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? न्याय का थिजला आहे? दुष्टाने नीतिमानाला गिळले तरी तू गप्प का? ज्याने ही तक्रार पूर्ण मांडली त्याच्याच तोंडी नंतर आनंदाचे गीत आले आहे. चंगाईच्या व्यासपीठावर पहिले दोन अध्याय वाचत नाहीत, आणि अफूवाले तिसरा वाचत नाहीत.

अफूचा आरोप मात्र सर्वांत भारी आहे. मार्क्सने १८४४ साली ते वाक्य लिहिले तेव्हा त्याच्याच शेजारी धर्माला पिचलेल्या जीवाचा उसासा आणि निर्दय जगाचे हृदयही म्हटले होते. आपल्याकडच्या वादात नेमके तेवढे गळते. तरी आरोपाचा गाभा उरतोच. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी तीन हजार सातशे पन्नास कोटींचे पॅकेज जाहीर झाले, आणि आत्महत्या काही थांबल्या नाहीत. २०१७ साली याच यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा मुलखात आनंदाविषयी बोलणे अश्लील नाही का? याहून टोकदार प्रश्न बाबासाहेबांनी गांधीजींना उत्तर देताना केला होता. संतांनी देवाच्या दारी सगळे समान म्हटले. माणसामाणसांतली समता हा वेगळा प्रश्न आहे, आणि संतांनी तो लढवला नाही. बुलढाणा जिल्ह्यातले मेहुणा राजा हे गाव चोखोबांचे जन्मस्थान म्हणून सांगतात. चोखोबांचा विठ्ठलाशी असलेला जिव्हाळा कोण नाकारील? पण त्यांना देवळाबाहेरच राहावे लागले, आणि त्यांच्या आनंदाने गावकुसाचा एक दगडही हलला नाही. ख्रिस्ती मंडळींनी इथे लगेच मान ताठ करू नये. चर्चच्या आत सोयरिकी कशा जुळतात आणि जात कुठवर विचारली जाते, हे आम्हाला चांगले माहीत आहे.

म्हणून मी या आरोपाला नाही म्हणत नाही. मी विचारतो, कोणता आनंद? इस्राएली लोकांना सुगीचा सण सांगताना बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आनंद करा अशी चक्क आज्ञा आहे, आणि कोणी करायचा त्याची यादीही आहे: तू, तुझी मुले-मुली, तुझे दास-दासी, गावातला परका, अनाथ आणि विधवा. विधवा ज्यात नाही तो सण मोजलाच जात नाही. आमोस नावाचा संदेष्टा तर देवाच्या वतीने म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून न्या, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. नव्या करारातला याकोब शेतमालकांना बजावतो की तुमची शेते कापणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. आणि करिंथ गावचे प्रकरण तर जणू आमच्याच गावचे. तिथली सुखवस्तू मंडळी प्रभुभोजनाला आधी येऊन खाऊन-पिऊन मोकळी होत, आणि ज्यांच्याजवळ काही नाही ते उपाशी राहत. प्रेषित पौल त्यांना पत्रातून खडसावतो: हे प्रभूचे भोजन नव्हेच, तुम्ही गरिबांना लाजवता. हा तोच पौल, जो पुढे बेड्यांत असताना फिलिप्पैकरांना सदा आनंद करा म्हणून लिहितो. तुरुंगात आनंद करणारा माणूस भरल्या पंगतीवर संतापतो. अफू घेतलेल्या माणसाला असा संताप येतो का?

याच ग्रंथातला शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, घ्या. आम्ही त्याचा रविवार केला, चांगले कपडे घालून तासभर बसायचा. मुळात ती मजुराची सुट्टी आहे. दास, दासी, बैल, गाढव, परका, सगळ्यांना विसावा, कारण तुम्हीही एकदा मिसरात गुलाम होता. आमच्याकडे बैलाला पोळ्याचा एक दिवस तरी मिळतो. गुढीपाडव्याला ठरलेल्या सालदाराला वर्षभरात हक्काचे किती दिवस मिळतात? एखाद्या ख्रिस्ती कास्तकाराने आपल्या सालदाराला, तो कुठल्याही धर्माचा असो, आठवड्याची एक पगारी सुट्टी दिली तर त्या गावात ख्रिस्ती आनंद म्हणजे काय हे भोंग्याशिवाय कळेल. तो सालदार त्या दिवशी काय करेल? पोरीला घेऊन बाजाराला जाईल, नाहीतर लिंबाखाली झोपेल. माझ्या मते तेही उपासनेपेक्षा फार कमी नाही.

इथेच एक गोष्ट, थोडक्यात पण स्पष्ट. ज्याचे मन आजारी आहे, ज्याला सकाळी उठवत नाही, ज्याच्या डोक्यात विहीर घोळते, त्याला आनंदाची आज्ञा ऐकवणे हा क्रूरपणा आहे. बायबलातल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाला त्याच्या मित्रांनी असाच उपदेश केला आणि देव त्यांच्यावरच रागावला. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट बसले, तेवढे बरे होते. तोंड उघडले आणि बिघडवले. अशा माणसाला डॉक्टरकडे न्यावे आणि त्याच्याजवळ बसावे.

राहिली चर्चमधली कंटाळलेली पोरे. त्यांच्या बाजूने साक्षीला मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना उभे करीन. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परक्या चालींवर बसवलेली गीते मराठी गळ्यात उतरत नाहीत हे त्यांनी ओळखले, आणि अभंग, भजन, कीर्तन उपासनेत आणले. तेव्हा ठेका बदला, जरूर बदला. खंजेरी आणा, ढोलकी आणा. राष्ट्रसंत तुकडोजींच्या मुलखात खंजेरीचे सामर्थ्य कोणी कोणाला सांगायचे? पण रविवारचा ठेका सोमवारी वावरात पोचत नाही. निंदणाला वाकलेल्या पाठीचे, बस न आलेल्या थांब्याचे, रॉकेलच्या चुलीपासून गॅसपर्यंत आलेल्या आणि सिलिंडर परवडेना म्हणून पुन्हा काड्यांवर गेलेल्या स्वयंपाकाचे काय?

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश पाद्री १८४५ साली नागपुरात आला तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते. त्याने शाळा काढली, उपदेश केला, आणि मिशनऱ्यांवरचे सगळे रास्त आक्षेप त्यालाही लागू आहेत. पण हा माणूस सुखाने दगड बघत हिंडे. नागपूरजवळच्या टाकळीत सोबती रॉबर्ट हंटर यांच्यासह त्याला जीवाश्म सापडले. जिथून लोक रोज गुरे नेत होते तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे शंख-शिंपले पडले होते. त्याने गोंडांची गीते लिहून घेतली, ज्यांना तेव्हाचे शिष्ट लोक गीते मानायलाही तयार नव्हते. टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी पुराच्या पाण्यात तो बुडाला. नागपुरात त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे, आणि एका खनिजालाही त्याचे नाव आहे. त्याला उत्साहासाठी मंडप लागला नाही. ही सृष्टी कोणीतरी मन लावून घडवली आहे अशी त्याची खात्री होती, म्हणून पायाखालचा दगडसुद्धा उचलून पाहण्यासारखा होता. ज्याला पायाखालच्या खड्यात रस वाटतो त्याला उपासना रटाळ वाटली तरी आयुष्य रटाळ वाटत नाही.

यावर कोणी विचारेल, यात ख्रिस्ती ते काय? गाडगेबाबा दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना हसवत. हा आनंद त्यांनी बायबल वाचून आणला होता का? मुळीच नाही. आनंदावर कोणत्याच धर्माचा सातबारा नाही. दावा आहे तो आनंदाच्या एका घडणीचा. लूक सांगतो की येशूने काम सुरू केले तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याआधीच्या वर्षांविषयी शुभवर्तमाने जवळपास गप्प आहेत: नासरेथ नावाचे आडगाव, सुताराचे काम, आई, भावंडे, शेजारी. देव माणूस झाला असे मानणाऱ्या धर्माने हेही मानले आहे की देवाने आयुष्याचा बहुतेक भाग रंधा मारण्यात, भाकर खाण्यात, गावच्या लग्नांना जाण्यात घालवला. योहानाच्या शुभवर्तमानातले पहिले चिन्ह एका खेड्यातल्या लग्नघरी, द्राक्षारस संपून यजमानाची अब्रू जायची वेळ आली तेव्हा घडते. चंगाई सभांत येशूच्या कामाच्या नंतरच्या तीन वर्षांवर प्रवचने होतात. आधीच्या तीस वर्षांवर कोणी बोलत नाही, आणि खेड्यातल्या माणसाचे आयुष्य तर त्या तीस वर्षांसारखेच असते.

थोरला भाऊ मात्र सगळ्यांत जास्त अडचणीचा. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकटा परत येतो, घरात वाजंत्री सुरू होते, आणि शेतातून दमून आलेला थोरला दाराबाहेर थांबतो: मी इतकी वर्षे राबलो, मला एक करडूही दिले नाहीस. पाहा, त्याचा हिशेब अगदी बरोबर आहे. तो आनंदाला मजुरी समजतो आणि आपली मजुरी थकली आहे असे म्हणतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि गोष्ट तिथेच तुटते. तो आत गेला की नाही हे लूक सांगत नाही.

आमच्या मंडळ्यांत कापणीचा सण होतो. भोपळे, तुरीच्या शेंगा, कोंबडा, पायलीभर ज्वारी वेदीपुढे येते, मग लिलाव होतो, हशा पिकतो, दहा रुपयांचे वांगे कोणी हौशीने शंभराला घेतो. मला तो सण फार आवडतो. या वर्षी लिलावाआधी पाळकांनी एवढेच विचारावे: कमरेला ओटी बांधून ज्या बायांनी आपला कापूस किलोमागे वेचला, त्यांची वेचाई चुकती झाली का, आणि आज जेवणाला त्यांना बोलावले आहे का? ज्याचे उत्तर नाही असेल त्याने आपला भोपळा उचलून आधी तिकडे जावे. लिलाव तासभर थांबेल.